शेतीचा कार्यक्रम करायला प्रशिक्षण लागतंच

‘टीव्हीवर शेतीचे कार्यक्रम करणाऱ्यांना प्रशिक्षण देणं म्हणजे पैशाची नासाडी’ असा एक लांबलचक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. माझी भाची अशाच प्रशिक्षणाला निघाली आहे आणि तिच्या सख्ख्या काकांनी तो तिलाच पाठवला, वर ‘अजून विचार कर’ असंही लिहिलं. म्हणून हे उत्तर.

त्यातला सगळ्यात घातक मुद्दा आधी घेते. ‘शेतकऱ्याला फक्त औषधाचं नाव आणि मात्रा हवी असते, ती वाचून दाखवायला कसलं आलंय प्रशिक्षण?’ हे वाचून संताप येतो. ‘२ मिली’ एवढंच कानावर पडलं तर ते लिटरभर पाण्याला की फवारणीच्या अख्ख्या पंपाला? लिटरला २ मिली म्हणजे १५ लिटरच्या पंपाला ३० मिली. एकरी मात्रा सांगितली असेल तर पाणी किती धरायचं हेही सांगावं लागतं. शिकलेला निर्माता मात्रा नुसती बोलून सोडून देत नाही. मापाचं झाकण, त्यावरची रेघ, पंपातलं पाणी असं क्रमाने दाखवतो, आकडा वाचून होईपर्यंत पडद्यावर ठेवतो. आणि फवारणाऱ्याच्या हातात मोजे नसतील तर शूटिंग थांबवतो. निवेदक काहीही सांगो, बघणारा पडद्यावरचे हात बघून तसंच करतो.

मुळात फवारायचं का, हा प्रश्न तर त्याच्याही आधीचा. माव्याने (पानातला रस शोषणाऱ्या बारीक किडीने) भरलेल्या पानावर ढालकिड्याची, म्हणजे लेडीबर्डची, अळी सापडते: काळपट, लांबट, अंगावर नारिंगी ठिपके. दिसते किडीसारखी, पण ती मावा खाते. ‘किडीचा प्रादुर्भाव’ या वाक्यावर एडिटरने नेमका त्या अळीचा क्लोजअप बसवला, तर शेतकरी आपल्याच मित्रकिडीवर औषध मारणार. एडिटिंगच्या वेळी शेतीतज्ज्ञ सहसा शेजारी नसतो. म्हणून संहिता आणि जोडून झालेला कार्यक्रम, दोन्ही त्याच्याकडून तपासून घ्यायचे असतात. ही शिस्त आपोआप येत नाही, लावावी लागते.

‘कृषी अधिकाऱ्याला कॅमेऱ्यासमोर बसवलं की झालं.’ नाही होत. मात्र बरेच कार्यक्रम कंटाळवाणे असतात, हे नाइलाजाने कबूल. टेबलामागे तज्ज्ञ, शेजारी निवेदक, आणि नुसतं बोलणं. पण मेसेज लिहिणाऱ्याने यावरून प्रशिक्षणच नको असा निष्कर्ष काढलाय, तो उलटा आहे. त्या तज्ज्ञाला बांधावर नेऊन, शेतकऱ्याचा प्रश्न त्याच्यापुढे ठेवून बोलतं करणं हेच तर शिकवायचं असतं.

‘टीव्ही आता बघतो कोण?’ बरं, मोबाइलवर बघतात. व्हिडिओ तर तिथेही नीटच करावा लागतो.

‘टीव्हीने शेतकऱ्याचं काय भलं केलं, आता शेतकरी स्वतःच व्हिडिओ करतात.’ दिल्लीजवळच्या ८० गावांसाठी १९६७ मध्ये सुरू झालेलं ‘कृषिदर्शन’, १९७५-७६ मध्ये उपग्रहावरून सहा राज्यांतल्या गावांपर्यंत पोचलेला ‘साइट’ प्रयोग, हा इतिहास बाजूला ठेवते. फक्त ‘डिजिटल ग्रीन’ या शेतीच्या व्हिडिओंच्या प्रकल्पाचा कर्नाटकातला प्रयोग बघा. १६ गावं, १३ महिने. आठ गावांत व्हिडिओ, आठ गावांत नेहमीची पद्धत. व्हिडिओच्या गावांत काही शेतीपद्धती स्वीकारण्याचं प्रमाण सुमारे सातपट निघालं आणि त्याच खर्चात परिणाम दहापट. निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झालेत. व्हिडिओत स्थानिक शेतकरीच होते, हे खरं. पण व्हिडिओ नुसते लावून दिले नव्हते. दाखवायला गावातला एक माणूस असायचा, मध्येच थांबवून प्रश्न विचारायचा, चर्चा घडवायचा. कुठे थांबायचं आणि काय विचारायचं, हे त्यालाही शिकवावंच लागलं.