सर्टिफिकेट राहू दे फाइलमध्येच

परवा भाचा घरी आला होता. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तर्री पोहे खाता खाता म्हणाला, "आत्या, एनएसएस, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना, केलं तर नोकरीत काही फायदा भेटते का? का नुसतं झाडूनच घेतात?"

हसू आलं, पण पोराचा प्रश्न रास्त आहे. बारा वर्षं झाली, नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कात मी नव्या पोरापोरींच्या मुलाखती घेऊन राहिले आहे. त्याला पोह्यांवर देता आलं नाही ते उत्तर इथे लिहिते. लांबेल जरा.

आधी झाडण्याचं. एनएसएस सुरू झाली २४ सप्टेंबर १९६९ ला, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, ३७ विद्यापीठांतले ४० हजार विद्यार्थी घेऊन. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०, शिवाय सात दिवसांचं शिबिर. आठ तासांचा दिवस धरला तर २४० तासांचे ३० दिवस होतात. महिनाभराची नोकरीच की! पण आमच्या शिबिरात काय झालं? काटोलकडचं एक गाव. ग्रामपंचायतीनं सकाळीच झाडलेला रस्ता आम्ही अकरा वाजता पुन्हा झाडला, कारण फोटोवाला उशिरा आला. त्या शिबिराचं सर्टिफिकेट आईनं हौसेनं लॅमिनेट करून आणलं होतं. आजवर एकाही माणसानं ते मला मागितलेलं नाही.

मला नोकरी मिळाली ती दुसऱ्याच कामामुळे. २००३ चा धम्मचक्र प्रवर्तन दिन. ज्यांनी दीक्षाभूमीची ती गर्दी पाहिली नाही त्यांना सांगून कळणार नाही. बाबासाहेबांनी १९५६ साली ज्या जागी दीक्षा दिली, तिथे दरवर्षी लाखो माणसं येतात, गावंच्या गावं गाड्या करून. मैत्रिणीचे वडील तिथे सेवेला असायचे, त्यांच्यामागे आम्ही दोघी गेलो. मला बसवलं हरवलेल्यांच्या मंडपात, माइकजवळ.

पहिल्या तासात माझी भंबेरी उडाली. एक आजी आली, पांढरं लुगडं, हातात पिशवी, पिशवीत नुकतंच घेतलेलं पुस्तक. "कुठल्या गावच्या आजी?" "पिंपळगावची." आता पिंपळगावं काय एक आहेत? तालुका सांगता येईना, मोबाइल तेव्हा कोणाकडे होता! मी आपली माइकवर पिंपळगाव, पिंपळगाव करून राहिले. तीन वेगवेगळ्या पिंपळगावांची माणसं आली, तिन्ही चुकीची. आजी रडकुंडीला आली आणि तिच्यासोबत मीही.

शेजारी बसलेल्या काकांनी माइक बाजूला ठेवला आणि आजीला एवढंच विचारलं, "माय, गाडीची वर्गणी कोणाजवळ दिली?" आजीनं झटकन नाव सांगितलं. ते नाव पुकारलं आणि वीस मिनिटांत तो माणूस घामाघूम होऊन हजर. काका म्हणाले, "ज्यानं पैसे गोळा केले, तोच डोकी मोजते. तोच शोधत असते."

पुढचे दोन दिवस मी गावाचं नाव विचारणंच सोडलं. वर्गणी कोणी घेतली, सैपाकाचं सामान कोणाच्या ताब्यात, गाडी लावली तिथून समोर काय दिसत होतं, हे विचारायची. दोन वर्षांनी एका कंपनीच्या ग्राहक सेवेच्या मुलाखतीत विचारलं, "समोरच्याला आपली अडचण नीट सांगताच येत नसेल तर काय कराल?" मी पिंपळगावच्या आजीची गोष्ट सांगितली. समोरचे साहेब पेन खाली ठेवून ऐकत होते. माझे मार्क त्यांनी पाहिले असतील तर त्याआधीच पाहिले असतील, नंतर नाही.

आता मी टेबलाच्या त्या बाजूला बसते. दहातल्या सात रेझ्युमेंत खाली एक ओळ असते, "सामाजिक कार्याची आवड." मी विचारते, काय केलं? "मॅडम, वृक्षारोपण." किती झाडं? "पन्नास." त्यातली जगली किती? मग शांतता. खोटं बोलतात असं नाही. लावली असतीलच. पण पाणी घालायला परत कोणी गेलं नाही, आणि कामावर ठेवणाऱ्याला नेमका तो परत जाणारा माणूस पाहिजे असतो. एक दिवसाची दहा कामं केलेल्यापेक्षा दोन वर्षं एकाच ठिकाणी कंटाळवाणं काम केलेला मला बरा वाटतो. नव्या शैक्षणिक धोरणात या कामांना क्रेडिट मिळतात म्हणे. मिळू देत. क्रेडिटमुळे तास भरतील, काम भरेलच असं नाही.

काम नाही असं मात्र सांगू नका. सेमिनरी हिल्सला वन विभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, संक्रांतीच्या दिवसांत मांजानं पंख कापलेले पक्षी तिथे येतात. हिस्लॉप कॉलेजच्या विजय बारसे सरांनी झोपडपट्टीतल्या पोरांसाठी सुरू केलेलं फुटबॉल याच शहरातलं. जरा लांब जायची तयारी असेल तर गडचिरोलीच्या 'सर्च' संस्थेचा तरुणांसाठीचा 'निर्माण' उपक्रम आहे, २००६ पासून चालू. आणि २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलावाचं पाणी घरांत शिरलं, तेव्हा सकाळी चिखल उपसायला आलेल्या पोरांना कोणी बोलावणं धाडलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र मला खटकते. फुकट राबायला वेळ लागतो आणि तो वेळ ज्याच्या घरी भागतं त्याच्याकडेच असतो. मागे एक मुलगी आली होती, उमरेडहून रोज एसटीनं येऊन कॉलेज करायची, संध्याकाळी सीताबर्डीवर कपड्याच्या दुकानात उभी राहायची. सामाजिक काम काय केलं, असं विचारल्यावर तिनं मान खाली घातली. मलाच लाज वाटली. तेव्हापासून प्रश्न बदलला, "मार्क सोडून कशाची जबाबदारी घेतलीस?" हा प्रश्न ऐकल्यावर ती आईच्या डब्यांचा हिशेब सांगायला लागली, बत्तीस डबे, उधारी कोणाची किती, महिनाअखेर वसूल कशी केली. ती आता आमच्याकडे वसुली बघते. आणि ज्या संस्था पोरांकडून वर्ष वर्ष ऑफिसची कामं फुकट करून घेतात आणि त्याला 'अनुभव' म्हणतात, त्यांच्याबद्दल मी इथे लिहीत नाही, बीपी वाढते.

गेल्या वर्षीचा एक मुलगा सांगते. मार्क जेमतेम, इंग्रजी अडखळत. रेझ्युमेवर एक ओळ, "रक्तदात्यांची यादी सांभाळतो." दाखव म्हटलं तर मोबाइलवरच एक्सेल उघडलं. चारशेच्या वर नावं. रक्तगट, वस्ती, शेवटचं रक्तदान कधी. पुरुषाला ९० दिवस झाले, बाईला १२० झाले की ओळ आपोआप लालची हिरवी होते. मी विचारलं, हे शिकलास कुठे? "मॅडम, आधी वहीत होतं. एकदा चुकून साठ दिवसांतच एकाला फोन लावला, तो मेडिकल हॉस्पिटलपर्यंत येऊन परत गेला. मग यूट्यूबवर पाहून केलं." पुढे आपणहून म्हणाला, "मे महिन्यात लई त्रास होते. कॉलेजं बंद, पोरं गावी. सिकलसेल, थॅलेसेमियाच्या लेकरांना तर तेव्हाही रक्त लागतेच. म्हणून मी एप्रिलमध्येच, गावी न जाणारे कोण, ते विचारून ठेवतो."

मागणी कधी वाढते, पुरवठा कधी आटतो, महिनाभर आधी काय करून ठेवायचं. आमच्याकडे सहा वर्षं काढलेल्यांनाही हे समजावून सांगावं लागते. ऑफर लेटर त्याच आठवड्यात दिलं.

रुजू व्हायच्या दिवशी त्यानं एकच विचारलं, फोन टेबलावर ठेवू का? आवाज बंद ठेव म्हटलं. या मेमध्ये एका दुपारी तो तीनदा उठून बाहेर गेला, तिसऱ्यांदा आला तो सरळ माझ्या केबिनमध्ये. "मॅडम, तुमचा बी निगेटिव्ह आहे ना?"

सध्या त्याच्या यादीत माझी ओळ लाल आहे. सप्टेंबरपर्यंत.