वकीलसाहेब, आधी ब्रँड वाढवा, केस काय चालूच राहते

नवीन सनद मिळालीये? अभिनंदन! कायदा नंतर सावकाश वाचता येईल, आधी फोटोग्राफर शोधा. काळा कोट, हाताची घडी, मागे जाडजूड निकालपत्रांचं कपाट. पुस्तकं उघडायची गरज नाही.

मग ॲवॉर्ड. मेल येतोच, 'टॉप 100 वकिलांमध्ये आपली निवड झाली आहे', खाली नॉमिनेशन फी, डिनरच्या टेबलाचे वेगळे, मासिकात पानभर मुलाखत हवी तर त्याचे आणखी वेगळे. भरून टाका, पक्षकार आहेतच.

फर्ममध्ये कोण पार्टनर झालं, कोण अख्खी टीम घेऊन दुसरीकडे गेलं, सगळ्याची पोस्ट पडलीच पाहिजे, आणि सुरुवात 'अत्यंत नम्रपणे कळवतो की' अशीच हवी.

वकिलांवर देखरेख ठेवणाऱ्या बार कौन्सिलच्या नियम 36 ला घाबरू नका. त्यात म्हणे वकिलाने जाहिरात करायची नाही, पाटीसुद्धा माफक आकाराची लावायची आणि तिच्यावर आपण अमुक कामातले स्पेशालिस्ट असं लिहायचं नाही. 2008 मध्ये वेबसाइटला परवानगी दिली तीही नाव-पत्ता, शिक्षण, कामाचं क्षेत्र एवढ्यापुरतीच. मार्च 2025 मध्ये तर सिनेनट आणि इन्फ्लुएन्सर घेऊन जाहिराती करणाऱ्यांवर पत्रकच काढलं. तुम्ही रीलखाली बारीक अक्षरात 'केवळ माहितीसाठी' टाका, झालं.

फीच्या पावतीबद्दल पोस्ट नको. पावतीच नको.

आणि तारीख असेल त्या दिवशी ज्युनिअरला पाठवा, फाईल मात्र देऊ नका, उगाच वाचेल. परवा आमच्या दाव्यात उलटतपास होता, साक्षीदार म्हातारा माणूस, धापा टाकत जिने चढून आलेला, आणि आमच्याच साहेबांचा ज्युनिअर उभा राहून म्हणतो 'सर दुसऱ्या कोर्टात आहेत', मुदतीचा अर्ज, समोरचा वकील खूश, तहकुबीचा खर्च म्हणजे कॉस्ट बसली ती आमच्यावर, पुढची तारीख. दुपारी लिंक्डइन उघडतो तर सर एका हॉटेलात, खांद्यावर शाल, हातात ट्रॉफी, 'न्यायक्षेत्रातील उत्तुंग योगदान'. हे होय ते दुसरं कोर्ट! आणि खरंच दुसऱ्या कोर्टात असते तरी काय, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 17 मध्ये चक्क लिहिलंय की वकील दुसऱ्या कोर्टात गुंतलाय हे तहकुबीचं कारण धरायचं नाही, आणि एका पक्षकाराला सुनावणीत तीनपेक्षा जास्त तहकुबी नाही. तीन! ई-कोर्ट्सच्या ॲपवर ज्यांनी स्वतःची केस बघितलीये त्यांनी जरा हसून घ्या. हे मी पक्षकार असून शोधून वाचतोय आणि टॉप 100 वाल्यांना ते माहीत नाही असं थोडंच आहे?

बास. अहो लाज वाटत नाही का? फी घेताना वेळ असतो, ट्रॉफी घेताना असतो, माझा फोन उचलायलाच तेवढा नसतो. त्या ज्युनिअरला तरी काय बोलणार, त्याच्या हातात तुम्ही केस नंबरची चिठ्ठी दिलेली. पुढच्या तारखेला स्वतः या. जमणार नसेल तर आदल्या दिवशी कळवा. तेही जमत नसेल तर वकीलपत्रावर ना-हरकत द्या आणि माझी फाईल परत करा, मी दुसरा वकील बघतो. आणि फी बाकी आहे वगैरे म्हणून फाईल अडवून ठेवू नका, तसं करता येत नाही हे सुप्रीम कोर्टाने 2000 सालीच सांगून ठेवलंय, टाका त्याचीही एक पोस्ट.