नंतर आठवण करा

‘अपडेट उपलब्ध आहे’ असं फोन म्हणाला की मी ‘नंतर’ म्हणायचो. पाच महिने आमचं हे रोज चाललं होतं. तो न चुकता विचारायचा, मी न चुकता टाळायचो. उधारी मागायला आलेल्या माणसालाही मी इतक्या नेमानं वाटेला लावलेलं नाही.

फोनची मला काळजी नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. घेतला त्याच दिवशी त्याला टेम्पर्ड ग्लास लावली. वर कोपऱ्यांना फुगवटे असलेलं जाडजूड कव्हर, कॅमेऱ्याच्या भिंगांना वेगळ्या चकत्या. फोनचा मूळ रंग कोणता, हे आता फक्त बिलावरून सांगता येईल. ही तटबंदी पाहून लेक म्हणाली, “बाबा, बुरूज झकास बांधलेत, पण दिंडी दरवाजा सताड उघडा आहे.”

मग तिनं वॉनाक्राय नावाच्या, कम्प्युटरमध्ये शिरून खंडणी मागणाऱ्या व्हायरसची गोष्ट ऐकवली. विंडोजमधलं भोक बुजवणारा पॅच मायक्रोसॉफ्टनं मार्च २०१७ मध्येच दिला होता. वॉनाक्राय पसरला मे महिन्यात. मधल्या दोन महिन्यांत ज्यांनी ‘नंतर’ म्हटलं, त्यातल्या कितीतरी जणांच्या फायलींना कुलूप लागलं आणि किल्लीसाठी खंडणीची मागणी आली. ब्रिटनमधल्या सरकारी इस्पितळांना ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या.

“पण ते कम्प्युटर होते. हा फोन आहे,” मी म्हणालो.

“‘नंतर’ म्हणणारा माणूस तोच असतो, बाबा.”

त्या रात्री फोटोंचा बॅकअप घेतला, फोन चार्जरला लावला आणि मनाचा हिय्या करून ‘इन्स्टॉल’ दाबलं. टक्क्यांची पट्टी नव्वदपर्यंत दुडुदुडु पळाली आणि ९९ वर जी रुसून बसली, ती बसलीच. मी तिच्याकडे आणि ती माझ्याकडे, असे वीस मिनिटं बघत होतो. बंद करायची सोय नाही, कारण अर्ध्यात बंद केलं तर फोनची वीट होते म्हणे.

शेवटी फोन उठला. मी सवयीनं अंगठा टेकवला. ‘रीस्टार्ट केल्यानंतर पिन आवश्यक आहे.’

अंगठा चालत नाही यामागे म्हणे शास्त्र आहे. फोन बंद होऊन सुरू झाला की आतला डेटा कुलपात असतो आणि ते कुलूप उघडायला पिनच लागतो. अंगठा ही त्यानंतरची सोय. उत्तम व्यवस्था. फक्त पिन आठवायला हवा. अंगठ्याच्या जिवावर मी तो कधीच विसरून गेलो होतो. पाच अंदाज चुकले आणि फोननं मला तीस सेकंद कोपऱ्यात उभं केलं.

पिन मी डायरीत लिहून ठेवला होता म्हणा. तोही चोराला कळू नये म्हणून सांकेतिक भाषेत. रात्री पाऊण वाजता ते पान सापडलं: ‘जुना उलटा, मधले दोघं सोडून, शेवटी ती.’

जुना काय? दोघं कोण? आणि ‘ती’ कोण, हा प्रश्न तर ही शेजारी झोपलेली असताना मोठ्यानं विचारण्यासारखाच नव्हता. चोराचं मला माहीत नाही, पण माझ्यापासून तो पिन पूर्ण सुरक्षित होता.

माझ्या पानं उलटण्यानं ही जागी झाली. काय झालं ते ऐकून घेतलं आणि डोळेही न उघडता तिनं सहा आकडे सांगितले. फोन उघडला.

“तुला कसा माहीत?”

“अहो, फोन घेतल्यावर महिनाभर तुम्ही पिन टाकताना मोठमोठ्यानं म्हणत होतात,” असं म्हणून ती कुशीवर वळली.

अपडेटनंतर मला दिसलेला बदल एकच: घड्याळाचे आकडे जरा जाड झालेत. आत कुठली भोकं बुजली ते फोनलाच ठाऊक. सकाळी उठल्या उठल्या पिन बदलला, तोही ओठ घट्ट मिटून. या वेळी डायरीत लिहिला नाही. हिला सांगून ठेवलाय.