कारणे दाखवा

माणूस दूध का पितो, अंडी का खातो किंवा मधाचा चमचा का चाटतो, असे त्याला उभ्या जन्मात कोणी विचारत नाही. ज्या दिवशी तो या वस्तू ताटाबाहेर काढतो त्या दिवसापासून मात्र त्याच्यावर 'कारणे दाखवा' नोटिसा बजावल्या जाऊ लागतात, आणि त्या बजावण्याचा अधिकार नातेवाईक, सहकारी, शेजारी, वाढपी आणि दंतवैद्य अशा सर्वांना जन्मसिद्ध असतो. यांपैकी दंतवैद्य सर्वांत निर्दय, कारण तो प्रश्न विचारतो तेव्हा त्याची दोन अवजारे आणि कापसाचा एक बोळा आपल्याच तोंडात असतो. मी मांस, मासे, अंडी, दूध, दुधाचा सगळा गोतावळा आणि मध सोडून केवळ वनस्पतिजन्य आहार घेतो. या आहारात खाण्याचे हाल फारसे नाहीत. धान्ये, कडधान्ये, भाज्या, फळे आणि सुकामेवा एवढा ऐवज हाताशी असताना उपाशी राहायला विशेष प्रतिभा लागते. हाल होतात ते कारण सांगताना.

त्यात पंचाईत अशी की, लोकांना कारण एकच हवे असते आणि माझ्यापाशी तीन आहेत: प्रकृती, पर्यावरण आणि प्राणी. समोरचा माणूस पाहून मी त्यांतले एक निवडतो, आणि कोणतेही निवडले तरी त्या विषयातला जाणकार नेमका तोच निघतो.

प्रकृतीचे कारण दिले की ऐकणारा बोलणे थांबवून माझा चेहरा तपासू लागतो. पूर्वी मला सर्दी होई ती हवा बदलल्यामुळे. आता होते ती दूध सोडल्यामुळे. जिना चढताना धाप लागली तर आहार, केस गळाले तर आहार, आणि एखाद्याचे नाव पटकन आठवले नाही तर तोही आहारच. माझी आत्या तर फोनवर माझे 'हॅलो' ऐकूनच "आवाज खोल गेलाय रे तुझा" असे निदान करते. यानंतरचा प्रश्न ठरलेला असतो: "पण तुला प्रोटीन मिळतं तरी कुठून?" ज्यांनी स्वतःच्या पोटात किती प्रथिने जातात याची चौकशी कधी स्वप्नातही केलेली नसते, ते माझ्या प्रथिनांच्या काळजीने व्याकूळ झालेले मी पाहिले आहेत. प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला सुमारे ०.८ ग्रॅम प्रथिने पुरतात. सोयाबीनमध्ये सर्व आवश्यक अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनांचे घटक, असतात. धान्यात त्यांपैकी लायसिन कमी पडते ते कडधान्य भरून काढते, आणि ही भरपाई एकाच घासात व्हावी लागते असेही नाही. हे सर्व मी एका दमात सांगतो. प्रश्नकर्ता शांतपणे ऐकून घेतो आणि म्हणतो, "ते ठीक आहे, पण प्रोटीन?"

खरी मेख प्रथिनांत नसून बी-१२ या जीवनसत्त्वात आहे, आणि त्याबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नाही. हे जीवनसत्त्व वनस्पती बनवत नाहीत आणि प्राणीही बनवत नाहीत. ते बनवतात जीवाणू, आणि गाईच्या पोटात त्यांचा मुक्काम असल्यामुळे श्रेय गाय घेऊन जाते. आपली गरज असते दिवसाला २.४ मायक्रोग्रॅम, म्हणजे डोळ्यांना दिसणारही नाही इतकी. शिवाय यकृत त्याचा काही वर्षे पुरेल एवढा साठा करून ठेवते, आणि घात होतो तो इथेच. नवखा मनुष्य पहिले वर्ष ठणठणीत राहतो, "मला कसल्याही गोळ्या लागत नाहीत" असे चारचौघांत सांगत फिरतो, आणि साठा संपत आला की त्याच्या हातापायांना मुंग्या येऊ लागतात. इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन या सुतारकाम शिकवणाऱ्या शिक्षकाने मूठभर मंडळींना घेऊन १९४४ साली व्हीगन, म्हणजे माझ्यासारखे प्राणिजन्य सगळे सोडलेल्यांची, संस्था सुरू केली, तेव्हा तर बी-१२ वेगळे काढून ओळखताही आलेले नव्हते; ते साधले १९४८ साली. म्हणजे आपल्याला नेमके काय कमी पडते आहे हे कळण्याची सोयही त्या पहिल्या फळीला नव्हती. वॉटसन स्वतः मात्र ९५ वर्षे जगले आणि २००५ साली वारले. हा दाखला मी आत्याला दिला, तेव्हा ती म्हणाली, "दूध घेतलं असतं तर शंभरी गाठली असती."

तर मी गोळी घेतो. परंतु गोळी घेणे हीसुद्धा साधी गोष्ट राहिलेली नाही, कारण कॅप्सूलचे पारदर्शक कवच बहुधा जिलेटिनचे असते आणि जिलेटिन जनावरांच्या हाडांपासून व कातड्यापासून काढतात. ड जीवनसत्त्वाची गोळी घ्यावी, तर त्यातले डी-३ बहुतांशी मेंढीच्या लोकरीतल्या मेणचट पदार्थापासून तयार होते. दगडफुलासारख्या लायकेनपासून बनवलेले डी-३ मिळते, पण ते मागितल्यावर औषधविक्रेत्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर मला काही काळ उन्हातच उभे राहायला लावून गेली.

दुकानात उभा राहून वेष्टनावरची बारीक अक्षरे वाचणे हा आता माझा व्यायाम झाला आहे. चष्मा कपाळावर सरकवायचा, पाकीट नाकापाशी आणायचे आणि घटकांच्या यादीवर बोट ठेवून ओळीने खाली उतरत जायचे. मैदा, साखर, वनस्पती तेल, मीठ इथपर्यंत उमेद वाढत जाते आणि अगदी शेवटून दुसऱ्या ओळीत 'दुधाची भुकटी' दबा धरून बसलेली सापडते. बटाट्याच्या कापांवरच्या मसाल्याला मठ्ठ्याच्या भुकटीची काय गरज पडते, हे मला अद्याप उमगलेले नाही. गोळ्या-चॉकलेटांचा लालभडक रंग ई-१२० या नावाने वावरतो आणि तो कोचिनील नावाच्या किड्यांना वाळवून, कुटून काढलेला असतो. त्यांच्यावरची चकाकी म्हणजे ई-९०४, अर्थात लाखेच्या किड्याचा स्राव. या यादीत सर्वांत बेरकी म्हणजे कॉफीत घालायची ती भुकटी, जिच्यावर ठळक अक्षरांत 'दुग्धविरहित' असे लिहिलेले असते आणि मागच्या बाजूला, मुंगीने वाचावे अशा टाइपात, 'सोडियम केसिनेट' असते. केसिन हे दुधाचेच प्रथिन. मी हे दुकानातल्या मुलाच्या निदर्शनास आणले. त्याने पाकीट उलटसुलट करून पाहिले आणि मला समजुतीच्या सुरात विचारले, "काका, तुम्हाला ॲलर्जी आहे का?" मी नाही म्हटल्यावर त्याचा माझ्यातला रस संपला.

पर्यावरणाच्या कारणाचे वैभव निराळेच आहे. इथे माझ्या हाती आकडे आहेत. सुमारे १२० देशांतल्या ३८ हजारांवर शेतांची माहिती घेऊन २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात असे दिसले की, जगाने प्राणिजन्य अन्न सोडले तर अन्नासाठी लागणारी जमीन तीनचतुर्थांशाने कमी होऊ शकते आणि अन्नातून होणारे हरितगृह वायूंचे उत्सर्जन जवळजवळ निम्म्यावर येऊ शकते. जनावराला आधी पीक खाऊ घालायचे आणि मग त्याच्यामार्फत त्यातला थोडासा भाग आपण खायचा, या व्यवहारात मधली दलाली फार जाते, एवढाच त्याचा सारांश. पण मी हे सांगू लागलो की समोरचा मनुष्य मान डोलवत वाट पाहतो, आणि मी श्वास घ्यायला थांबलो की विचारतो, "आणि बदामाच्या दुधाला पाणी किती लागतं, माहीत आहे का?" माहीत आहे. त्याच अभ्यासानुसार लिटरमागे सुमारे ३७१ लिटर लागते. गाईच्या दुधाला ६२८ लिटर लागते आणि ओटच्या दुधाला ४८. परंतु बदामाच्या तहानेने कासावीस झालेला हा गृहस्थ पुढचे दोन आकडे ऐकायला थांबत नाही; तो एव्हाना सोयाबीनसाठी तोडल्या जाणाऱ्या जंगलांकडे वळलेला असतो. जगातल्या सोयाबीनचा सुमारे तीनचतुर्थांश भाग जनावरांच्या पोटात जातो, हे सांगेपर्यंत त्याने माझ्या गेल्या वर्षीच्या विमानप्रवासाचा विषय काढलेला असतो. ज्याने पर्यावरणाचे कारण दिले, त्याने यापुढे सायकलवरून, आणि शक्यतो अनवाणी, हिंडावे अशी समाजाची अपेक्षा दिसते.

राहता राहिले प्राण्यांचे कारण. खरे तर हेच माझे पहिले कारण आहे आणि म्हणूनच ते मी सर्वांत कमी वेळा सांगतो. जेवणाच्या टेबलावर "मला त्यांना त्रास द्यायचा नाही" असे हळूच म्हटले, तरी शेजारच्याला ते "तू खुनी आहेस" असे ऐकू येते. मग तो बचावाला उभा राहतो. आमच्या कचेरीत हिशेब विभागातले एक सहकारी आहेत. त्यांचा पहिला प्रश्न असतो, "अहो, पण वनस्पतींनाही जीव असतोच ना?" असतो. आणि तो वाचवायचा झाला तरी हिशेब माझ्याच बाजूने येतो, कारण बैल जन्मभर जितका पाला खातो तितका मला सात जन्मांत संपणार नाही. दुसरा प्रश्न निर्जन बेटाचा. त्या बेटावर मी एकटा आहे, सोबत एक कोंबडी आहे आणि खायला दुसरे काहीही नाही. आता मी काय करीन? मी त्यांना विचारले की ती कोंबडी मग तिथे काय खाऊन जगते आहे, तेच मीही खाईन. यावर ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

गंमत म्हणजे ही काही अलीकडची फॅशन नाही. सीरियातला अंध कवी अल-मआरी हजार वर्षांपूर्वी मांस, दूध, अंडी आणि मध यांपासून दूर राहत होता आणि मधमाश्यांनी जमवलेले त्यांचे त्यांना राहू द्यावे असे सांगत होता. तो बव्हंशी घरातच एकांतात राहत असे, असे चरित्रकार सांगतात. ते त्याच्या विरक्तीमुळे की कोंबडीच्या प्रश्नामुळे, याचा उलगडा झालेला नाही.

बाहेरच्यांशी कसेबसे निभावते. पण आमच्यातली भांडणे अधिक चिवट असतात, आणि तीही कारणांवरूनच होतात. प्रकृतीसाठी आलेला मनुष्य तेल, साखर, मैदा यांनाही हात लावत नाही, मात्र त्याच्या कमरेला चामड्याचा पट्टा असतो. प्राण्यांसाठी आलेला त्या पट्ट्याकडे बघत बघत तळलेले बटाटे आनंदाने संपवतो, कारण बटाट्याने कोणाचे काही बिघडवलेले नसते. पर्यावरणासाठी आलेला म्हणतो की जुना पट्टा फेकून नवा प्लॅस्टिकचा घेणे हेच पाप आहे, आणि शिंपल्यांना मेंदू नसतो तेव्हा ते खाल्ले तर काय हरकत आहे. इथे पहिले दोघे एकत्र येऊन त्याच्यावर तुटून पडतात. मला विचाराल तर जुने बूट झिजेपर्यंत वापरावेत. मी माझे वापरतो आहे आणि ते मेले झिजत नाहीत.

या सगळ्यात स्वयंपाकाचे प्रयोग सांगायचे राहूनच जातात. काबुली चणे शिजवलेले पाणी घुसळले की अंड्याच्या पांढऱ्यासारखा शुभ्र फेस येतो, हा चमत्कार मी पाहुण्यांसमोर करून दाखवतो. काजूचे चीज चवीला फक्कड होते, पण ते तार धरत नाही. ती तार केसिनच्या जाळ्याची असते आणि काजूपाशी ते नसते. गरम कॉफीत सोयाचे थंड दूध ओतले की ते पाहता पाहता फाटते, कारण कॉफीचा आंबटपणा आणि उष्णता यांच्या कात्रीत सोयाची प्रथिने गोठतात. पेल्यात पांढरे कण वर-खाली तरंगू लागतात आणि पाहुणा पेला जपून खाली ठेवतो. उपाय सोपा आहे: दूध आधी कोमट करावे आणि कॉफी त्यात हळूहळू ओतावी.

हा उपाय मला हल्ली त्याच हिशेबवाल्या सहकाऱ्यांनी येऊन, कोपऱ्यात घेऊन विचारला. त्यांच्या पोटाच्या तक्रारीवर डॉक्टरांनी दूध बंद करायला सांगितले होते. दुपारी उपाहारगृहात त्यांनी "मला लॅक्टोज पचत नाही" एवढे एकच वाक्य उच्चारले, आणि माझ्या डोळ्यांदेखत सारे टेबल हळहळले. कोणी त्यांचे प्रोटीन काढले नाही, बदामाचे पाणी काढले नाही, बेटावरची कोंबडीही कोणाला आठवली नाही. एका बाईंनी तर दुसऱ्या दिवशी त्यांच्यासाठी घरून बिनदुधाचा केक करून आणला. तो खरोखर उत्तम झाला होता. मला त्यातला कोपरा मिळाला.

त्या कोपऱ्याने माझे डोळे उघडले. तत्त्व सांगितले की उलटतपासणी होते आणि दुखणे सांगितले की केक येतो. जगातल्या सुमारे दोनतृतीयांश प्रौढांना दुधातली साखर नीट पचत नाही. मग मीच त्या उरलेल्या एकतृतीयांशात असेन असे कशावरून? पुढच्या खेपेला आत्याकडे गेलो तेव्हा तिने पेला पुढे करताच मी प्रकृती, पर्यावरण, प्राणी यांतले काहीही न काढता, खोल गेलेल्या आवाजात म्हणालो, "आत्या, मला लॅक्टोज पचत नाही गं."

"अरे, मग आधी नाही का सांगायचंस!" असे म्हणून ती लगबगीने आत गेली आणि दह्याची वाटी घेऊन बाहेर आली. "हे घे. दह्यात ते लॅक्टोज कमी होतं, विरजणातले जंतू खातात त्याला. आणि चीज जितकं जुनं तितकं त्यात ते नसतंच जवळजवळ. मी वाचलंय सगळं."

तिचे शब्दन् शब्द बरोबर होते. तिने चमचा वाटीत ठेवला, खुर्ची माझ्यासमोर ओढली आणि ऐसपैस बसत म्हणाली, "हं, आता दुसरं कारण सांग."