टोकन दिसलं की आत सोडा

तुम्हाला वेब सर्व्हर लिहायचाय, त्याला लॉगिन ठेवायचंय आणि हे सगळं उरकून सहाच्या आत सोलापुरातल्या सात रस्त्यावर चहाला पोचायचंय, तर पुढचं नीट वाचा. मी अनुभवाने बोलतोय. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका टॉवेलवाल्यासाठी मी ऑर्डरी घ्यायचं पोर्टल लिहिलं होतं. वर्षभर ते सुरळीत चाललं. कुणासाठीही चाललं.

आधी टोकन म्हणजे काय ते सांगतो, म्हणजे त्याकडे दुर्लक्ष कसं करायचं हे कळेल. लॉगिन झालं की सर्व्हर गिऱ्हाइकाला टोकन देतो, पुढे दर वेळी तेच दाखवून आत यायचं.

देवळाबाहेर चपला ठेवल्या की पत्र्याचा बिल्ला मिळतो. त्यावर नाव नसतं, फोटो नसतो. गड्ड्याच्या जत्रेतल्या गर्दीत तो पडला आणि दुसऱ्याला सापडला तर चपला त्याच्या. अशा टोकनाला बेअरर टोकन म्हणतात. ज्याच्या हातात, त्याचं. ते वेबवर कसं न्यायचं हे २०१२ च्या आरएफसी ६७५० मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांची क्रमांकवार कागदपत्रं) लिहून ठेवलंय: रिक्वेस्टच्या माथ्यावरच्या ऑथोरायझेशन हेडरमध्ये 'बेअरर' हा शब्द आणि त्यापुढे टोकन. यूआरएलमध्ये शक्यतो टाकू नका असंही तिथे म्हटलंय, कारण यूआरएल लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, उतरतात. तुम्ही टाका. सगळ्या गिऱ्हाइकांची टोकनं लॉगमध्ये एका जागी सापडतील, शोधाशोध नको.

जेडब्ल्यूटी (जेसन वेब टोकन) हा त्यापुढचा प्रकार, म्हणजे कारखान्याचा गेट पास. मे २०१५ मध्ये तो आरएफसी ७५१९ म्हणून ठरला. त्याचा उच्चार 'जॉट' करावा असं खुद्द मानकात सुचवलंय. मी एकदा तसा केला, मालकांना 'ज्योत' ऐकू आलं आणि ते म्हणाले, लावा की मग. टिंबांनी जोडलेले तीन तुकडे असतात: पहिल्यात सही कुठल्या पद्धतीची, दुसऱ्यात माणूस कोण आणि मुदत कधीपर्यंत, तिसऱ्यात सही. ऑफिसात फोन लावून 'ह्याला सोडू का' असं विचारावं लागत नाही. सही ओळखता आली की झालं. ती ओळखायला दारात जो बसवतात तो मिडलवेअर. प्रत्येक रिक्वेस्ट आत जाण्याआधी त्याच्यासमोरून जाते.

त्या कारखान्याच्या फाटकावर मिडलवेअर म्हणून एक मामा बसायचे. पास पिवळ्या कागदाचा, त्यावर जांभळा गोल शिक्का, तारीख आणि मॅनेजरची सही. मामा तो हातात घ्यायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे, पास उन्हाकडे धरायचे. सहीचा शेवटचा फराटा वर जातोय की खाली, हे ते बघायचे. मालकांच्या मेहुण्यालाही त्यांनी एकदा असाच उभा केला होता. असला माणूस आपल्या कोडमध्ये अजिबात नको.

जेडब्ल्यूटीच्या बहुतेक लायब्ऱ्यांत, म्हणजे आयत्या मिळणाऱ्या कोडमध्ये, दोन कामं वेगळी ठेवलेली असतात, डीकोड आणि व्हेरिफाय. डीकोड पास नुसता वाचून दाखवतं. व्हेरिफाय सही बघतं, मुदत बघतं आणि पटलं नाही तर एरर फेकतं. आता तुम्हीच सांगा, ऐन कामाच्या गर्दीत एरर फेकणारा कुणाला हवाय? डीकोड घ्या. त्याला सही तपासायची गुप्त किल्लीसुद्धा लागत नाही. नाव कळतं, हुद्दा कळतो, 'या साहेब' म्हणता येतं. समोरच्याने 'सेल्समन' खोडून 'मालक' लिहिलं असेल तर तेही तितक्याच आदराने वाचलं जातं.

टोकन बघितलं की वाटतं, केवढं गूढ आहे! सुरुवात ईवायजे, पुढे नुसती अक्षरांची खिचडी. पण ते कुलूप नाही, बेस६४ आहे, म्हणजे मजकूर लिहायची नुसती वेगळी पद्धत. चादर घडी घातली म्हणून तिच्यावरचा मोर काही लपत नाही, झटकली की दिसतो, तसं. तेव्हा दुसऱ्या तुकड्यात मोकळ्या मनाने भरा: मोबाइल नंबर, आधार, उधारीची मर्यादा. मी प्रत्येक व्यापाऱ्याला मिळणारी सूट भरली होती. हैदराबादच्या एका व्यापाऱ्याच्या मुलाने आपलं टोकन उलगडलं, मग मित्राच्या दुकानातलं उलगडलं, आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवले. मालक घरात तेलुगू, हमालांशी कन्नड आणि माझ्याशी मराठी बोलतात. त्या दिवशी माझ्याशी तिन्ही बोलले.

समजा एखादा खडूस सीनियर व्हेरिफाय लावल्याशिवाय सोडतच नाही. हरकत नाही. ट्राय-कॅचमध्ये, म्हणजे एरर झेलायच्या जाळीत, गुंडाळा आणि कॅचमध्ये गुपचूप नेक्स्ट, म्हणजे 'पुढे जाऊ द्या', बोलवा. म्हणजे सही खोटी निघाली की मामा मनातल्या मनात 'खोटी आहे' म्हणतील आणि फाटक उघडतील. किंवा ४०१ हा नकाराचा आकडा पाठवा, पण त्याच्यापुढे रिटर्न लिहू नका. मामा 'आत जायचं नाही' असं ओरडत राहतात, माणूस आत जाऊन चहा पिऊन येतो. त्याहून सोपं म्हणजे मिडलवेअरची ओळच राऊट्सच्या, म्हणजे कुठल्या पत्त्यावर काय द्यायचं त्या ओळींच्या, खाली लिहा. एक्सप्रेस ह्या जावास्क्रिप्टच्या सर्व्हर-चौकटीत ज्या क्रमाने ओळी, त्याच क्रमाने काम. चौकी गोडाऊनच्या मागे बांधल्यासारखं. मामा आहेत, खुर्ची आहे, रजिस्टर आहे, फक्त तिथवर कुणी येत नाही. (४०१ चं नाव 'अनऑथोराइज्ड' असलं तरी अर्थ 'तू कोण ते आधी सांग' असा आहे. ओळख पटूनही मज्जाव असेल तर ४०३. तुम्ही ह्या भानगडीत न पडता २००, म्हणजे 'सगळं ठीक', पाठवा आणि आत 'सक्सेस: फॉल्स' लिहा, सगळेच तसं करतात.)

एका बाबतीत तर मानकच आपल्या बाजूचं आहे. सहीची पद्धत कोणती, हे पासवर पास आणणाराच लिहून आणतो. त्यातली एक पद्धत आहे 'नन', म्हणजे सहीच नाही. आणि आरएफसी ७५१९ म्हणतं की सहीच्या पद्धतींपैकी दोन प्रत्येक लायब्ररीला यायलाच हव्यात: एचएस२५६ आणि ही नन. २०१५ मध्येच उघड झालं की काही लायब्ऱ्या हे वाचून खुशाल आत सोडतात. 'सही कुठाय?' 'मामा, पासवरच लिवलंय बघा, सही लागत न्हाई.' 'बरं, जा.'

दुसरी गंमत त्याहून देखणी. आरएस२५६ ही सहीची आणखी एक पद्धत, तिच्यात किल्ल्या दोन. खाजगी किल्लीने सही करायची, सार्वजनिक किल्लीने तपासायची, आणि ती सार्वजनिक किल्ली गावभर वाटलेली असते. एचएस२५६ मध्ये मात्र एकच किल्ली, तिनेच सही आणि तिनेच तपासणी. चोराने काय करावं? पासवर 'आरएस' च्या जागी 'एचएस' लिहावं आणि ती गावभर वाटलेली किल्ली गुप्त समजून तिनेच सही ठोकावी. दारातला भोळा बाबा तीच किल्ली काढतो, ताळा करतो, आणि ताळा जुळतो! २०२० च्या आरएफसी ८७२५ ने सांगितलं की कुठली पद्धत चालेल ते तुम्ही ठरवा, पासला विचारू नका. काम एका ओळीचं आहे, म्हणूनच राहून जातं. आणि तपासणाऱ्यांचं तरी कुठे भलं झालंय? जावा १५ ते १८ मध्ये ईसीडीएसए ह्या दुसऱ्या एका पद्धतीच्या सहीतल्या दोन आकड्यांच्या जागी दोन शून्यं ठेवली तरी सही खरी ठरायची. २०२२ च्या एप्रिलमध्ये ते दुरुस्त झालं. तोवर शून्याला केवढा मान होता!

किल्लीबद्दल फार बोलत नाही. एचएस२५६ ला निदान २५६ बिटांची, म्हणजे ३२ बाइटची किल्ली हवी असं लिहिलेलं आहे. माझी 'सोलापूर१२३' होती, इंग्रजी अक्षरांत. एक टोकन हाती लागलं की असली किल्ली घरबसल्या ओळखता येते, तुमच्या सर्व्हरला त्याचा पत्ताही लागत नाही. ती गिटमध्ये, म्हणजे कोड जपायच्या सामायिक कपाटात, टाकून ठेवा, म्हणजे तेवढाही त्रास कुणाला नको.

मुदतीचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण इथे मी स्वतः पराक्रम केलाय. टोकनातली मुदत १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत लिहायची असते. जावास्क्रिप्ट आजची वेळ देते मिलिसेकंदांत. मला सात दिवसांचा पास द्यायचा होता. मी आजची वेळ घेतली, सात दिवस मिळवले आणि हजाराने भागायला विसरलो. हिशेब केला तर तो पास इसवी सन ५६,००० च्याही पुढे चालणार होता. तोवर उजनी गाळाने भरून जाईल, तिथे कुणी ज्वारी पेरेल, पण आमचा सेल्समन लॉगिन असेल.

जाणकार म्हणतात, पास पंधरा मिनिटांचा द्या आणि तो संपला की रिफ्रेश टोकन दाखवून नवा घ्यायला लावा. पण आपण सोलापूरकर. चार दिवसांआड पाण्याची सवय असलेल्या माणसाला दर पंधरा मिनिटांनी ताजं काही मिळायला लागलं तर संशय येतो. शिवाय दोन सर्व्हरच्या घड्याळांत फरक असतो, म्हणून थोडी सवलत द्यावी, फार तर काही मिनिटं, असंही मानकात आहे. ही मिनिटं त्यांची. आपल्याकडे 'पाच मिनिटांत पोचतो बे' म्हणणारा तेव्हा अंघोळीला जायचा असतो. मी चोवीस तासांची सवलत ठेवली होती.

मग तो सेल्समन नोकरी सोडून शेजारच्याच एका टॉवेलवाल्याकडे गेला. त्याचं खातं आम्ही त्याच दिवशी काढून टाकलं. पण दारातला बाबा ऑफिसात विचारतोय कुठे? हातात पास, पासवर सही, मुदत ५६,००० पर्यंत. तो रोज दहा वाजता यायचा आणि रेट बघून जायचा. मालकांनी डझनाला दोन रुपये उतरवले की पलीकडे तीन उतरायचे. महिनाभराने मालकांचा फोन आला, "काय बे इंजिनीअर, त्याला काढलाय न आपण? मग आपले रेट कसं बघायलाय त्यो?"

अशा वेळी गांगरायचं नाही. 'आपली सिस्टिम स्टेटलेस आहे' असं सांगायचं. शब्द भारी आहे, पहिल्या फोनला पुरतो. दुसऱ्या फोनला मात्र उपाय सांगावे लागतात. एक तर किल्लीच बदला, म्हणजे सेल्समनबरोबर सगळ्या व्यापाऱ्यांनाही हाकला. नाहीतर रद्द झालेल्या पासांचे नंबर लिहून ठेवा आणि दर वेळी ती यादी बघा. म्हणजे 'सर्व्हरला काही नोंद ठेवावी लागत नाही' ही जी मिरवायची गोष्ट होती, ती गेली आणि मामांचं रजिस्टर परत आलं. मी तिसरा उपाय सुचवला, त्या सेल्समनला परत कामावर घ्या. मालक म्हणाले, "लॅपटॉप घेऊन ये."

एप्रिलमधली दुपार. फाटकावर मामांनी पास मागितला. दिला. त्यांनी तो उन्हाकडे धरला.

"तारीख कालची हाय."

"मामा, काल मीच आलो होतो की. ओळखता मला."

"वळखतो की. तारीख कालची हाय."

मालकांना फोन लावला, ते जेवायला बसले होते. लिंबाखाली गाडी लावली, सीटवर लॅपटॉप उघडला, लॉग बघितला. सेल्समन आत होता. नेहमीचे रेट बघून झाले होते, आता तो नव्या डिझाइनचे फोटो डाउनलोड करत होता. मी घाम पुसत उभा.

वीस मिनिटांनी आतून पोऱ्या नवा पास घेऊन आला. मामांनी फराटा बघितला, शिक्का बघितला, रजिस्टरात नाव आणि वेळ लिहिली आणि मग साखळी काढली. व्हेरिफाय, सेकंद, किल्ली, यादी हे सगळं करता करता रात्रीचे आठ वाजले. बाहेर पडताना मामांनी हात पुढे केला. त्यांच्यामागे भिंतीला एक वाकडी तार होती, तिच्यात वापरलेले पिवळे पास ओवलेले.

म्हटलं, "मामा, हा राहू द्या की माझ्याकडं. आठवण म्हणून."

"आठवण ठिवा की," मामा म्हणाले. "पास द्या."