एक स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर: जेलब्रेक का नाकारला आणि फॉर्म का भरून घेतला

नमस्कार. तुमचा रिव्ह्यू वाचला. तक्रार अशी, की डिस्क न वाचणारा पहिल्या पिढीचा पीएस४ (सोनीचा गेम कन्सोल) तुम्ही आमच्या दुरुस्तीच्या दुकानात घेऊन आलात, जेलब्रेक करून (म्हणजे कंपनीने लावलेलं सॉफ्टवेअरचं कुलूप तोडून) १ टीबीच्या हार्डडिस्कवर गेम भरून मागितले आणि आम्ही नाही म्हणालो. वर नाव-पत्त्याचा फॉर्म दिला, तपासणीचे ३०० रुपये घेतले. पुढे तुम्ही लिहिलंय, ‘मशीन माझं, पैसे माझे. अमेरिकेत जेलब्रेक लीगल आहे. दुसरीकडे तीन हजारांत करून देतात, हे उगाच कायद्याची भीती घालतात.’ हेच प्रश्न घेऊन बरेच जण येतात, म्हणून सविस्तर लिहितो.

मशीन तुमचं आहे, यात वादच नाही. ते उघडा, फॅन बदला, थर्मल पेस्ट बदला, कंट्रोलरच्या ॲनालॉग स्टिकच्या जागी हॉल सेन्सरवाल्या (चुंबकावर चालणाऱ्या) स्टिक बसवा, कोणालाही विचारावं लागत नाही. पीएस४ मध्ये अडीच इंची, ९.५ मिलिमीटरपर्यंत जाडीची साटा जोडणीची हार्डडिस्क चालते आणि ती बदलायची रीत कंपनीनेच दिलेली आहे. घरी करणार असाल तर एवढं सांभाळा: आधी सेव्ह (खेळ कुठवर आला त्याच्या फाइल) पेनड्राइव्हवर काढून घ्या. नव्या डिस्कवर सिस्टिम टाकताना नेहमीची अपडेट फाइल चालत नाही, रीइन्स्टॉलची साधारण १ जीबीची पूर्ण फाइल लागते. पेनड्राइव्हवर ‘पीएस४’ फोल्डर, त्यात ‘अपडेट’ फोल्डर, नावं इंग्रजी कॅपिटल अक्षरांत. मशीन बंद असताना पॉवरचं बटण सुमारे सात सेकंद, दुसरी बीप येईपर्यंत दाबून ठेवलं की सेफ मोड (दुरुस्तीचा मेनू) येतो. कंट्रोलर केबलने जोडा आणि सातवा, म्हणजे रीइन्स्टॉलचा, पर्याय निवडा. ‘डिस्क बदलली आणि पीएस४ गेला’ म्हणून आमच्याकडे येणाऱ्या मशीनमध्ये बहुतेक वेळा फाइलचीच चूक निघते.

कायदा येतो तो कुलूप तोडण्याच्या ठिकाणी. कॉपीराइट कायदा १९५७ चा, पण २०१२ च्या दुरुस्तीने त्यात कलम ६५-ए आलं. कॉपीराइटच्या रक्षणासाठी लावलेलं तांत्रिक कुलूप हक्कभंग करण्याच्या हेतूने तोडलं, तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. या वाक्याचा सगळा जीव ‘हेतूने’ या शब्दात आहे. आपल्याकडे जेलब्रेक हा प्रकार सरसकट गुन्हा नाही, हे मी स्वतःहून सांगतो, कारण उलट बाजूनेही खूप अफवा आहेत. त्याच कलमात पुढे म्हटलंय, की कायद्याने मनाई नसलेल्या कामासाठी कुलूप काढता येतं. मात्र ते काढायला दुसऱ्याला मदत करणाऱ्याने त्या माणसाचं नाव, पत्ता, ओळख पटेल असा तपशील आणि हेतू यांची पूर्ण नोंद ठेवली पाहिजे.

तुम्हाला दिलेला फॉर्म म्हणजे ही नोंद. आधार नंबर आम्ही मागत नाही, त्यावर तसा रकानाही नाही. नाव, पत्ता, फोन, मशीनचा सीरियल नंबर आणि ‘कशासाठी’. या शेवटच्या रकान्यात तुम्ही लिहिलंत, ‘सगळे गेम फ्री टाकून पाहिजेत.’ हे लिहून सही झाल्यावर आमच्यापुढे दुसरा रस्ता उरत नाही. हेतू काय, हे तपासायला कोर्टालाही फार कष्ट पडणार नाहीत, तो तुमच्याच अक्षरात आहे. काउंटरवरच्या मुलाने तिथे थांबून नाही म्हटलं ते बरोबर केलं, मी त्याच्या पाठीशी आहे.

मग कुठल्या कामाला आम्ही हो म्हणतो? जुन्या पीएस२ चं उदाहरण घ्या. डिस्क वाचणारी लेन्स संपलेली, नवी चांगली लेन्स मिळणं कठीण, आणि गिऱ्हाइकाकडे स्वतःच्या मूळ डिस्क आहेत. कलम ५२ मध्ये रीतसर आपल्या ताब्यात असलेल्या प्रोग्रामची प्रत, नाश किंवा नुकसानीपासून तात्पुरतं संरक्षण म्हणून, काढून ठेवायची मुभा आहे. अशा वेळी जाड मॉडेलला नेटवर्क ॲडॉप्टर आणि आयडीई (जुन्या पद्धतीच्या जोडणीची) हार्डडिस्क लावून गेम तिथून चालवता येतात. पण प्रत्येक गेमची मूळ डिस्क काउंटरवर दाखवावी लागते, आणि जेवढ्या डिस्क तेवढेच गेम. बारा डिस्क आणून ‘असू द्या, पन्नास टाका’ म्हणणाऱ्यालाही नकारच मिळतो.

आणखी एक. परदेशातल्या नातेवाइकांनी आणलेला कन्सोल घेऊन लोक ‘रीजन अनलॉक’ (ठरावीक देशांतलेच गेम चालण्याचं बंधन काढणं) करायला येतात. पीएस४, पीएस५, स्विच, एक्सबॉक्स वन आणि सीरीज, यांच्यावर गेमच्या डिस्कला किंवा कार्ट्रिजला सहसा रीजनचं बंधन नसतं. बंधन असतं ते ब्लू-रे आणि डीव्हीडी सिनेमांना. प्लेस्टेशनवर अडतं ते डीएलसीशी (गेमला नंतर जोडायचा, ऑनलाइन स्टोअरवरून घ्यायचा जादा भाग): डिस्क ज्या रीजनची, त्याच रीजनच्या स्टोअरवरून डीएलसी घ्यावं लागतं. त्यासाठी त्या रीजनचं वेगळं अकाउंट काढलं की झालं. यात कुलूप तोडायचं कामच नाही, म्हणून आम्ही पैसेही घेत नाही.

आता अमेरिका. तिथला कायदा आपल्यापेक्षा सैल नाही, कडक आहे. १९९८ च्या डीएमसीए कायद्यात कुलूप तोडायचं साधन विकणंच गुन्हा आहे, आणि ठरावीक कामांना दर तीन वर्षांनी सूट दिली जाते. २०१० मध्ये जेलब्रेकला सूट मिळाली ती मोबाइल फोनच्या. २०१२ मध्ये कन्सोलसाठी तशीच सूट मागितली गेली आणि ती नाकारली गेली. २०२१ मध्ये कन्सोलला सूट मिळाली ती फक्त ऑप्टिकल ड्राइव्हच्या दुरुस्तीपुरती, तीसुद्धा दुरुस्तीनंतर कुलूप पुन्हा जागच्या जागी बसवण्याच्या अटीवर. म्हणजे तुमच्या मशीनचा जो खरा आजार आहे, तेवढ्यालाच तिथे परवानगी आहे. फुकट गेमला नाही.

दुसरीकडे तीन हजारांत करतात, हे मान्य. त्यात काय मिळतं तेही बघा. पीएस४ चा जेलब्रेक म्हणजे ठरावीक फर्मवेअरमधल्या (मशीनच्या मूळ सिस्टिम सॉफ्टवेअरमधल्या) फटीचा वापर. २०२४ मध्ये गाजलेली फट ११.०० पर्यंतच्या व्हर्जनवर चालत होती, कंपनीने ती पुढच्या अपडेटमध्ये बुजवली. फर्मवेअर पुढे जातं, मागे आणता येत नाही. शिवाय हा जेलब्रेक कायम राहत नाही, मशीन पूर्ण बंद झालं की पुन्हा चढवावा लागतो. वीज गेली, पुन्हा करा. ऑटो-अपडेट चुकून चालू राहिलं तर एका रात्रीत सगळं जातं, आणि भरून दिलेली हार्डडिस्क लॉक दाखवणारे आयकॉन घेऊन बसते. ऑनलाइन जायला ताजं फर्मवेअर लागतं, म्हणून ऑनलाइन खेळ बंद. तरीही कोणी गेला आणि पकडला गेला, तर अकाउंट आणि कन्सोल दोन्हीवर बंदी येऊ शकते. ती बंदी कुठलंही दुकान उठवू शकत नाही. मग मशीन सेकंडहँड विकताना भाव पडतो.

दुकानदाराची जोखीम याहून मोठी. चोरीचे गेम भरून देणं कलम ६३ खाली येतं: सहा महिने ते तीन वर्षं कैद, ५० हजार ते दोन लाख दंड. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, असं सुप्रीम कोर्टाने मे २०२२ मध्ये स्पष्ट केलं. कलम ६४ प्रमाणे सब-इन्स्पेक्टर दर्जाचा अधिकारी वॉरंटशिवाय माल जप्त करू शकतो. असा माल उचलताना त्यासोबत दुरुस्तीला आलेली इतरांची मशीनही अडकली, तर त्या गिऱ्हाइकांना मी काय सांगणार? आणि गिऱ्हाईकही सुटत नाही. चोरीची प्रत आहे हे माहीत असून प्रोग्राम वापरणाऱ्यासाठी कलम ६३-बी वेगळं आहे. धंद्यासाठी वापर नसेल तर कोर्ट कैद माफ करू शकतं, पण ५० हजारांपर्यंत दंड तिथेही आहे.

राहिले ३०० रुपये. ते जेलब्रेकच्या चौकशीचे नव्हते, ड्राइव्ह उघडून बघण्याचे होते, आणि दुरुस्ती केलीत तर बिलातून वजा होतात. पावतीवर तसं छापलेलं आहे. या पिढीच्या पीएस४ मध्ये लेन्स ४९० प्रकारची की ८६० प्रकारची, हे बघितल्याशिवाय ऑर्डर करणं म्हणजे पैसे वाया घालवणं, दोन्ही एकमेकांच्या जागी बसत नाहीत. मशीन स्वतःहून डिस्क बाहेर टाकत असेल तर बऱ्याचदा ड्राइव्ह ठणठणीत असतो. खालचा रबरी पाय गरम होऊन फुगतो आणि इजेक्टच्या टच सेन्सरला लागतो. तेही आधी तपासलं. तुमच्या मशीनमध्ये तसं नव्हतं. लेन्स कमजोर होती आणि डिस्क आत ओढणारा रबरी रोलर गुळगुळीत झाला होता.

इथे एक सावधगिरी, कुठेही दुरुस्त करा तरी उपयोगी पडेल. तुमच्या मॉडेलमध्ये ड्राइव्हच्या आत जी छोटी सर्किट प्लेट आहे, ती मदरबोर्डशी जोडीने बांधलेली असते. कोणी सेकंडहँड अख्खा ड्राइव्ह टाकून दिला, तर डिस्क आत जाईल, फिरेल, पण गेम चालणार नाही. नवी लेन्स आणि रोलर बसवून मूळ प्लेट तीच ठेवायची, एवढाच मार्ग आहे. त्याला जेलब्रेक लागत नाही आणि कुठलं कलमही आड येत नाही.

मशीन परत देताना त्या प्लेटला आम्ही हात लावलेला नाही, तुमचीच आहे. लेन्स आणि रोलरचं कोटेशन पावतीच्या मागे लिहिलंय. करायचं असेल तर मशीनबरोबर तुमच्याकडची एखादी चालणारी डिस्क आणा, तुमच्यासमोर चालवून दाखवू आणि मगच पैसे घेऊ.