प्रूफं तपासता तपासता

"मालमत्ता म्हणजे चोरी" हे वाक्य फेसबुकवर दर महिन्याला कुणीतरी कुणाच्या तरी तोंडावर फेकतं. पिएर-जोझेफ प्रूदाँ या फ्रेंच विचारवंताचं. मला मात्र त्या वाक्यापेक्षा ते लिहिण्याआधीची त्याची तीस वर्षं जास्त वाचावीशी वाटतात.

१८०९ साली फ्रान्समधल्या बझाँसाँ शहरात जन्म. आई स्वयंपाकीण. बाप पिंपं बनवायचा, पुढे बिअरचा धंदा केला. तो गिऱ्हाइकाकडून माल आणि स्वतःची मजुरी एवढेच पैसे घ्यायचा, वर नफा लावणं त्याला पाप वाटे. अर्थातच बुडाला. पोरगं शाळेत हुशार, पण पुस्तकं मित्रांची मागून उतरवून घ्यायचं, आणि लाकडी खडावांचा आवाज नको म्हणून त्या वर्गाबाहेर काढून ठेवायचं. शेवटी शाळा सुटली आणि तो छापखान्यात लागला.

मीही काही वर्षं प्रूफं तपासली आहेत. दिवसभर वेलांट्या-उकार बघून संध्याकाळी मजकूर कशाबद्दल होता तेही आठवत नाही! हा गडी मात्र धर्मशास्त्राची लॅटिन पुस्तकं तपासता तपासता हिब्रू शिकला. १८२९ मध्ये त्याच छापखान्यात आदर्श समाजाची स्वप्नं रंगवणाऱ्या शार्ल फूरिए या समाजवादी विचारवंताचं पुस्तक आलं. त्याच्या छपाईवर देखरेख करताना प्रूदाँ सहा आठवडे त्या विक्षिप्त माणसाने भारून गेला होता, हे त्याने स्वतःच सांगितलंय. पुढे फूरिएवर त्याने सडकून टीका केली ती वेगळी गोष्ट. पण मजकूर ओळ न् ओळ वाचलेल्या माणसाची टीका आहे ती. आपल्याकडे फ्लॅपवरून होते तशी नाही.

भागीदारीतला स्वतःचा छापखानाही बसला. १८३८ मध्ये बझाँसाँच्या अकादमीने, म्हणजे तिथल्या विद्वानांच्या संस्थेने, त्याला वर्षाला दीड हजार फ्रँकची, तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली. अर्जातच त्याने आपण कामगार वर्गात जन्मलो-वाढलो आणि त्यांच्यासाठीच राबणार असं लिहून टाकलं होतं. अकादमीने ते नीट वाचलं नसावं. कारण १८४० मध्ये ते 'चोरी'चं पुस्तक छापून आलं आणि ते अर्पण केलं होतं कुणाला? अकादमीलाच! मंडळी हादरली, अर्पणपत्रिका काढा म्हणून मागे लागली.

पुढे बायकांना कमी लेखणारं त्याने जे लिहिलं त्याची मला चीड येते, त्याची वकिली मी करणार नाही. पण त्या 'चोरी'च्या पुस्तकात न राबता मिळणाऱ्या भाड्या-व्याजावर तो तुटून पडतो, तेव्हा मला दर वेळी बिअरचा हिशोब मांडून बसलेला त्याचा बाप दिसतो.